अठराच्या अलीकडे

ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात पौड रस्त्यावरच्या एका घरात सात जणांचे खून झाले. पाच बायका, त्यांतली एक गरोदर, आणि दोन लहान मुलं. एक आरोपी माफीचा साक्षीदार झाला. उरलेल्या दोघांना १९९८ मध्ये फाशी सुनावली गेली. ती उच्च न्यायालयानं कायम केली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही. या दोघांतला एक जण मूळचा राजस्थानातला. त्याचं नाव खटल्याच्या कागदांवर एक होतं आणि गावच्या शाळेच्या रजिस्टरात वेगळं. रजिस्टरातली जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. एवढी गोष्ट न्यायालयात सिद्ध व्हायला मार्च २०२३ उजाडावं लागलं. तोवर त्यानं अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढला होता आणि गळ्याभोवतीचा फास शेवटपर्यंत सुटलेला नव्हता. आजच्या कायद्यानं त्याला जास्तीत जास्त जी शिक्षा देता आली असती, ती तीन वर्षांची.

ही हकीकत ऐकल्यावर काहींना त्या अठ्ठावीस वर्षांचा संताप येतो, तर काहींना सात खुनांना तीन वर्षं या हिशेबाचा. दोन्ही संताप खरे आहेत. प्रस्तुत संग्रहाचा विषय या दोन संतापांच्या मधोमध उभा आहे : अठरा वर्षांच्या आतल्या मुलानं खून, बलात्कार, दरोडा असं काही केलं तर त्याला काय शिक्षा द्यावी, कोणी द्यावी, आणि ती दिल्यानंतर त्याच्याकडे पुन्हा कधी पाहावं?

पहिल्या दोन प्रश्नांवर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. वय अठराच ठेवावं की सोळावर आणावं, यावर वाहिन्यांवर रात्री नऊला भांडणं होतात. तिसऱ्या प्रश्नाकडे मात्र फारसं कोणी फिरकत नाही. माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म त्या तिसऱ्या प्रश्नातच आहे. सतरा वर्षांच्या मुलाला शिक्षा देताना न्यायाधीश दोन कामं करत असतो. झालेल्या गुन्ह्याचं माप तो घेतो, आणि हा मुलगा सत्ताविसाव्या वर्षी कसा असेल याचा अंदाज बांधतो. पहिलं काम पुराव्यावर होतं. दुसऱ्याला पुरावा नसतोच, कारण तो माणूस अजून घडायचा आहे. म्हणून अंदाज चुकला का, हे ठरल्या वेळी कोणीतरी तपासायला हवं. अशी तपासणी कुठे आहे, कुठे नुसती कागदावर आहे आणि कुठे मुळीच नाही, या नजरेनं जगभरचे कायदे वाचले की त्यांचा गोंधळ बराच निवळतो.

आपल्याकडची सुरुवात जुनी आहे आणि ती मुंबईत सापडते. १८५० च्या अप्रेंटिसेस ॲक्टनं दहा ते अठरा वयाच्या मुलांना तुरुंगाऐवजी एखाद्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवण्याची सोय केली. १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा मुंबईत उभी राहिली; ती आजही माहीमला आहे. १८६० च्या दंडसंहितेनं सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंच कृत्य गुन्हा मानायचं नाही असं ठरवलं, आणि सात ते बारा वयातल्या मुलाची समज पुरेशी पिकली होती का, हे पाहायला सांगितलं. भारतीय न्याय संहितेत कलमांचे आकडे बदलले, या दोन रेषा तशाच राहिल्या. मग १८७६ आणि १८९७ चे रिफॉर्मेटरी स्कूल्स ॲक्ट आले. १९१९-२० च्या तुरुंग समितीनं मुलांसाठी वेगळी न्यायालयं असावीत अशी शिफारस केली आणि त्यातून मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) आणि मुंबई (१९२४) या इलाख्यांचे बालकायदे निघाले. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. सोळा ते एकवीसच्या आसपासच्या पोरांसाठी १९२९ चा बोर्स्टल स्कूल्स ॲक्ट आला. नाशिकचं किशोर सुधारालय ही त्याच परंपरेतली संस्था.

मुंबईत ज्याला अजून ‘डोंगरीचं रिमांड होम’ म्हणतात, ते उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या आवारात आहे. टिळक आणि आगरकर यांनी १८८२ साली एकशे एक दिवस काढले ते याच डोंगरीच्या तुरुंगात, आणि आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. तुरुंगाचं बालगृह झालं ही सुधारणाच. पण भिंती त्याच, दारं तीच. आत येणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला कायद्यातला ‘निरीक्षणगृह’ हा शब्द माहीत नसतो, तो दारच पाहतो. भारतातल्या बालन्यायाचा पुष्कळसा इतिहास असा जुन्या इमारतीवर नवी पाटी लावण्यात गेला आहे.

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, वयाची रेषा वेगळी, आणि कित्येक राज्यांत मुलं सर्रास मोठ्यांच्या तुरुंगात. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी देशभरच्या तुरुंगांतली ही मुलं सर्वोच्च न्यायालयापुढे आणली, आणि १९८६ मध्ये न्यायालयानं सगळ्या देशाला एकच कायदा हवा असं बजावलं. त्याच वर्षी बालन्याय अधिनियम झाला. त्यात मुलग्यांसाठी सोळा आणि मुलींसाठी अठरा अशी रेषा होती. १९९२ मध्ये भारतानं बालहक्क संहिता स्वीकारली. तिचं ३७ वं कलम अठराखालच्या कुणालाही फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देऊ नये असं सांगतं. २००० च्या कायद्यानं मुलगा-मुलगी दोघांसाठी अठराची रेषा आखली. वय कोणत्या दिवसाचं मोजायचं, अटकेनंतर हजर केल्याच्या की गुन्ह्याच्या, हा वाद २००५ मध्ये गुन्ह्याच्या दिवसावर मिटला. अल्पवयाचा दावा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर, अगदी शेवटचं अपील फेटाळल्यावरही करता येईल, ही तरतूद २००६ मध्ये आली. पौड रस्त्याच्या खटल्यातला तो कैदी सुटला तो या तरतुदीच्या वाटेनंच. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असाच आणखी एक माणूस सोडला. १९९४ च्या गुन्ह्याच्या वेळी तो चौदा वर्षांचा होता आणि पंचवीस वर्षं आत होता. जन्माचा दाखला नसलेल्या घरातल्या पोराचं वय पोलिसांच्या अंदाजावर ठरतं, आणि तो अंदाज क्वचितच त्याच्या बाजूनं झुकतो.

यानंतर डिसेंबर २०१२. दिल्लीत चालत्या बसमध्ये एका तरुणीवर सामूहिक बलात्कार करून तिचा जीव घेणाऱ्या सहा जणांत एक जण साडेसतरा वर्षांचा होता. त्याला कायद्यातली कमाल, म्हणजे तीन वर्षं, विशेष गृहात ठेवण्याचा आदेश झाला. देशभर उसळलेला राग समजण्यासारखा होता. कायद्यातल्या सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनं मात्र जानेवारी २०१३ च्या अहवालात वय खाली आणायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयानंही २०१३ आणि २०१४ मध्ये अठराची रेषा कायम ठेवली. संसदेच्या स्थायी समितीनं सोळा ते अठराच्या मुलांना मोठ्यांसारखं वागवण्याच्या प्रस्तावाला विरोध केला. तरी २० डिसेंबर २०१५ रोजी तो मुलगा सुटला आणि २२ डिसेंबरला राज्यसभेनं तोच प्रस्ताव असलेलं नवं बालन्याय विधेयक मंजूर केलं. मधे दोन दिवस. इतक्या घाईत झालेल्या कायद्याचे सांधे कुठे निखळले आहेत, हे आज दहा वर्षांनी स्पष्ट दिसतं.

नव्या वाचकासाठी त्या कायद्याची यंत्रणा थोडक्यात सांगतो. मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली एक तरी स्त्री. गुन्ह्यांचे तीन वर्ग आहेत : किरकोळ, गंभीर आणि निर्घृण. ज्याला कायद्यात किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे तो निर्घृण. असा गुन्हा सोळा ते अठरा वयाच्या मुलावर असेल तर मंडळ ‘प्राथमिक मूल्यांकन’ करतं. गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता त्याच्यात होती का, परिणाम त्याला कळत होते का, परिस्थिती काय होती, हे पाहून त्याला मोठ्यांसारखा खटला चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवता येतं. तिथे दोषी ठरला तर एकविसाव्या वर्षापर्यंत तो ‘सुरक्षित स्थानी’ राहतो. फाशी नाही, सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप नाही. इतर कोणत्याही बाबतीत तीन वर्षांवर शिक्षा नाही.

कागदावर नेटकं दिसणारं हे वर्गीकरण प्रत्यक्षात कसं वागतं, त्याची दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालवणारा मुलगा अठराला काही महिने कमी असलेला. त्याच दिवशी जामीन झाला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. त्या निबंधानं महाराष्ट्र पेटला. त्याला मोठ्यांसारखा खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळानं पुढच्या वर्षी फेटाळली. श्रीमंताच्या पोराला सोडलं, अशी हाकाटी झाली. पण सदोष मनुष्यवधाच्या कलमात जन्मठेपेपर्यंत शिक्षा असली तरी ‘किमान सात वर्षं’ असा शब्द नाही, आणि किमान शिक्षा नसेल तर गुन्हा निर्घृण धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्येच सांगितलेलं आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं तेच कायद्यात लिहिलं.

आता दुसरं उदाहरण, कुणा एकाचं नाही, जिल्ह्याजिल्ह्यातलं. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी पळून जातात. मुलीचा बाप तक्रार देतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीच्या पोक्सो कायद्यात शरीरसंबंधाला २०१९ पासून किमान शिक्षा दहा वर्षांची आहे, म्हणजे गुन्हा निर्घृण. या मुलाचं प्राथमिक मूल्यांकन होतं आणि तो मोठ्यांच्या खटल्यात जाऊ शकतो. दोन मृत्यूंना कारण झालेली गाडी निर्घृण ठरत नाही, पळून जाणं ठरतं. किमान शिक्षेचे आकडे संसदेनं दुसऱ्याच हेतूंनी ठरवले होते. मुलांची वर्गवारी त्यावर टांगली जाईल याचा विचार तेव्हा कुणी केलेला नव्हता. हा कायदा उदार आहे की कडक, हा वाद मला म्हणूनच फसवा वाटतो. आधी तो सुसंगत तरी आहे का, हे विचारावं.

प्राथमिक मूल्यांकनाबद्दलही बोललं पाहिजे. गुन्हा सिद्ध होण्याआधीच ‘हा गुन्हा करण्याची याची क्षमता होती का’ असं विचारणं हे मुळातच चमत्कारिक काम. गुरुग्रामच्या एका शाळेत २०१७ मध्ये सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. त्या प्रकरणात जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निरीक्षण नोंदवलं की मानसिक क्षमता आणि परिणामांची जाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खालच्या न्यायालयांनी त्या एकच धरल्या. मंडळावर बालमानसशास्त्र शिकलेला सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असंही सांगितलं. हे योग्यच झालं. पण अडचण त्याहून खोल आहे. किशोरवयाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ, त्यांत अमेरिकेतले लॉरेन्स स्टाइनबर्ग प्रमुख, दाखवतात की सोळाव्या वर्षीचा मुलगा निवांतपणे विचार करायला बसवला तर बराचसा मोठ्यांसारखाच विचार करतो. मित्रांच्या टोळक्यात, रागाच्या किंवा नशेच्या भरात मात्र त्याचा निर्णय विशीपर्यंत कच्चा राहतो. आपलं मूल्यांकन होतं ते गुन्ह्यानंतर काही आठवड्यांनी, बंद खोलीत, टेबलापलीकडच्या बाईंच्या शांत प्रश्नांवर. ‘चाकू मारला तर माणूस मरतो हे तुला माहीत होतं का?’ मुलगा मान डोलावतो. माहीत होतंच. त्या रात्री, त्या गल्लीत त्याचं काय झालं होतं, ते या खोलीत मोजलं जात नाही.

आता थोडं बाहेर पाहू, कारण या क्षेत्रातले वाद मुख्यतः बाहेर घडले आणि आपल्याकडे अर्धवट आले.

जगातलं पहिलं बालन्यायालय शिकागोत १८९९ मध्ये सुरू झालं. त्यामागची कल्पना अशी की राज्यसंस्था मुलाची पालक आहे. ती त्याला शिक्षा करत नाही, सुधारते. हा झाला कल्याणवादी पंथ. वकील नाही, साक्षीपुरावा ढिला, कारण घरात बापाला कोण पुरावा मागतो? १९६४ मध्ये ॲरिझोनात शेजारणीला चावट फोन केल्याच्या आरोपावरून एका पंधरा वर्षांच्या मुलाला एकवीस वर्षं पुरी होईपर्यंत सुधारशाळेत पाठवलं गेलं. मोठ्या माणसाला त्याच गुन्ह्यासाठी फार तर दोन महिने कैद किंवा पन्नास डॉलर दंड झाला असता. त्याच्याच प्रकरणातल्या १९६७ च्या ‘गॉल्ट’ निकालानं मुलांनाही वकील आणि नीट सुनावणी मिळाली पाहिजे असं ठरवलं. इथून हक्कवादी पंथ सुरू झाला. पण बालन्यायालय मोठ्यांच्या न्यायालयासारखं झालं, तसं मुलांना मोठ्यांसारखी शिक्षा का नको, हा प्रश्न मागच्या दारानं आत आला. नव्वदच्या दशकात ‘सुपरप्रिडेटर’ हा शब्द निघाला. निर्दय पोरांची लाट येणार असं भाकीत झालं. लाट आली नाही, उलट गुन्हे घटले. तोवर एकामागून एका राज्यानं मुलांना मोठ्यांच्या कोर्टात ढकलणारे कायदे करून ठेवले होते, आणि अडीच हजारांवर माणसं अशा गुन्ह्यांसाठी मरेपर्यंतची कैद भोगत होती, जे त्यांनी अठराच्या आत केले होते.

ती चूक दुरुस्त करायला अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाला एक तप लागलं. २००५ मध्ये ‘रोपर’ निकालानं अठराखालच्या गुन्ह्याला फाशी बंद. २०१० मध्ये ‘ग्रॅहम’नं खुनाव्यतिरिक्त गुन्ह्यांसाठी पॅरोलशिवायची जन्मठेप बंद. २०१२ च्या ‘मिलर’नं खुनासाठीसुद्धा ती आपोआप देणं बंद. २०१६ च्या ‘माँटगोमेरी’नं हे जुन्या कैद्यांनाही लागू केलं. हेन्री माँटगोमेरी यांनी १९६३ मध्ये लुइझियानात सतरा वर्षांचे असताना एका पोलिसाला गोळी घातली होती. देशभरचे शेकडो कैदी त्यांच्या नावाच्या निकालावर बाहेर आले. ते स्वतः मात्र आतच राहिले, कारण निकालानं मिळाली होती ती सुटकेची संधी, सुटका नव्हे. पॅरोल बोर्डानं त्यांना दोनदा नाकारलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते बाहेर पडले तेव्हा पंच्याहत्तर वर्षांचे होते. त्याच वर्षी ‘जोन्स’ निकालात बदललेल्या न्यायालयानं लंबक पुन्हा मागे नेला : मुलगा कधीच सुधारणार नाही असं न्यायाधीशानं स्पष्ट नोंदवलं नाही तरी मरेपर्यंतची कैद देता येईल. दरम्यान कॅलिफोर्नियानं २०१३ च्या कायद्यानं तरुण कैद्यांसाठी वेगळ्या पॅरोल सुनावण्या सुरू केल्या. त्यांत गुन्ह्याच्या वेळचं कोवळं वय आणि नंतरचा बदल यांना विशेष वजन द्यावं लागतं. सुरुवातीला ही सोय अठराखालच्यांना होती, आता गुन्ह्याच्या वेळी पंचविशीपर्यंत असलेल्यांनाही आहे.

इंग्लंडचा धडा वेगळा आहे. १९९३ मध्ये दहा वर्षांच्या दोन मुलांनी दोन वर्षांच्या बाळाचा खून केला. खटल्याच्या न्यायाधीशानं किमान आठ वर्षं सुचवली, सरन्यायाधीशांनी दहा केली. मग एका वर्तमानपत्रानं जास्त शिक्षेची मागणी करणारी कुपनं छापली, वाचकांनी भरून पाठवली आणि गृहमंत्र्यांनी पंधरा केली. मुलाची शिक्षा मंत्र्यानं, जनमताकडे पाहून ठरवू नये, हे तिथल्या न्यायालयांना आणि पुढे युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाला स्पष्ट सांगावं लागलं. दोघं २००१ मध्ये सुटले. त्यांतला एक पुढे पुन्हा तुरुंगात गेला, हे सुधारणेच्या बाजूनं लिहिणारे सहसा गाळतात. गाळू नये. जर्मनीत बालगुन्हेगाराला दहा वर्षांपलीकडे कैद नाही आणि अठरा ते एकवीसच्या तरुणालाही न्यायाधीश बालकायदा लावू शकतो. जपाननं मात्र १९९७ मध्ये कोबेत एका मुलानं केलेल्या खुनांनंतर मोठ्यांच्या शिक्षेची रेषा सोळावरून चौदावर आणली.

आता पॅरोल. हा शब्द अमेरिकी अर्थानं घेतला तर आपली फसगत होते. तिथे पॅरोल म्हणजे बोर्डानं अटींवर दिलेली सुटका. आपल्याकडे तुरुंगातून मिळणारी ती रजा : वागणूक चांगली असेल तर संचित रजा, घरात मृत्यू, लग्न, आजारपण असेल तर अभिवचन रजा. महाराष्ट्रात हे १९५९ च्या नियमांनी चालतं. तिथल्या पॅरोलच्या जवळ जाणारी आपली गोष्ट म्हणजे शिक्षेत सूट आणि मुदतपूर्व सुटका, आणि ती सरकारच्या हातात. मुलांच्या कायद्यात या दोन्हींच्या धाकट्या आवृत्त्या आहेत. विशेष गृहातल्या मुलाला परीक्षा, नात्यातलं लग्न, मृत्यू, आईबापाचं गंभीर आजारपण यांसाठी प्रवासाचे दिवस वगळून सात दिवसांची रजा मिळू शकते. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल चांगला असेल तर मंडळ त्याला मुदतीआधी, अटींवर किंवा अटींशिवाय, सोडू शकतं.

मोठ्यांसारखा खटला चाललेल्या मुलासाठी कायद्यानं कलम २० ठेवलं आहे. साऱ्या अधिनियमात मला तेच सर्वांत शहाणं वाटतं. मुलगा एकवीस वर्षांचा झाला की बाल न्यायालयानं त्याच्याकडे पुन्हा पाहायचं : तो बदलला आहे का, समाजात उपयोगी पडेल का? पटलं तर उरलेल्या मुदतीत देखरेखीखाली सोडायचं. नाही पटलं तर उरलेली शिक्षा तुरुंगात. दरम्यान दरवर्षी त्याच्या प्रगतीचा अहवाल न्यायालयापुढे यायला हवा. म्हणजे मी सुरुवातीला म्हटलेली तपासणी आपल्या कायद्यात लिहिलेली आहे. पण खटला लांबला आणि निकालाच्या दिवशीच आरोपी बावीस वर्षांचा असला तर एकविसाव्या वर्षीची तपासणी करायची कधी? एकविसाव्या वर्षी नाकारलेल्याकडे पंचविसाव्या वर्षी पुन्हा पाहायचं का? कायदा गप्प आहे. एकदाच पाहायचं असेल तर तो आणखी एक अंदाजच. आणि या दिवसाची तयारी करायची कुणी? तारखा, गृहभेटी, अहवाल यांत बुडालेल्या परिवीक्षा अधिकाऱ्यानं. त्याच्या अहवालात ‘वर्तन समाधानकारक’ हे दोन शब्द मुलामागून मुलाला चिकटवलेले सापडतात. त्यावरून कोण बदलला आणि कोण नाही, हे परमेश्वरालाही सांगता येणार नाही.

मुलांच्या बाजूनं लिहिणाऱ्यांचं एक मोठं न्यून आहे आणि ते मी आमच्याच गोटात मोजतो. बळी गेलेल्यांची घरं. बालन्यायाचं कामकाज गुप्त, मुलाची ओळख गुप्त, आदेश बंद दाराआड. मुलाच्या पुढच्या आयुष्यासाठी ही गुप्तता हवीच. पण ज्या बाईचा मुलगा गेला तिला पुढे काय झालं हे वर्तमानपत्रातून, तेही उडत उडत कळतं. तिला कुणी काही समजावून सांगत नाही, विचारत तर नाहीच. मग ती कॅमेऱ्यापुढे फाशी मागते आणि आपण तिला सूडबुद्धीची ठरवतो. सुटकेच्या सुनावणीत तिचं म्हणणं ऐकण्यानं मुलाच्या हक्काला धक्का लागत नाही. निर्णय तिच्या हातात नसावा एवढंच पाहायचं.

हे पुस्तक आत्ताच का? पुण्यात कोयता घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या बातम्या गेली काही वर्षं रोजच्या झाल्या आहेत, आणि वय चौदावर आणा ही मागणी आता सभांमध्ये टाळ्या घेते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत अल्पवयीनांवर नोंदलेले गुन्हे वर्षाला तीस हजारांच्या आसपास, म्हणजे एकूण गुन्ह्यांचा फारच लहान हिस्सा. पकडलेल्यांतले चारातले तीन सोळा ते अठरा वयाचे. आकडा लहान आहे म्हणून भीती खोटी ठरत नाही. कोयत्याखाली आलेल्या दुकानदाराला टक्केवारी सांगू नये. पण वय खाली आणल्यानं कोयते कमी होतील, याला आजवर कोणी आधार दिलेला नाही. त्या पोरांना हत्यार आणि काम देणारे बहुतेक सज्ञान असतात, आणि मुलांना गुन्ह्यात वापरणाऱ्यांसाठीचं कलम याच कायद्यात असूनही त्याच्याकडे पोलिसांचं लक्ष क्वचित जातं.

या संग्रहात वकील, मंडळावर काम केलेले सदस्य, परिवीक्षा अधिकारी, मानसोपचारतज्ज्ञ आणि आत राहून आलेले काही तरुण यांनी लिहिलं आहे. त्यांचं एकमेकांशी पटतंच असं नाही. एका लेखकाला प्राथमिक मूल्यांकन रद्द व्हायला हवं आहे, दुसऱ्याला ते चौदा वर्षांपासून सुरू व्हायला हवं आहे. संपादकांनी दोन्ही लेख ठेवले, हे बरं केलं. मराठीत या विषयावर लिहिलं जातं ते बहुधा एखाद्या घटनेनंतर, पंधरा दिवसांच्या उसळीत. यातले लेख त्या उसळीबाहेर बसून लिहिलेले आहेत. निकालपत्रं मुळातून वाचली आहेत, आणि मुलांच्या मुलाखतींत नावं, गावं बदलली आहेत. उणिवाही आहेत. मुलींबद्दल एकच लेख आहे. विदर्भ, मराठवाड्यातल्या मंडळांचं काम जवळजवळ आलेलं नाही. पुढच्या आवृत्तीत ते यावं.

वाचकाला एक विनंती. पुस्तक उघडण्याआधी बालन्याय अधिनियम २०१५ ची प्रत मिळवा. त्यातली पंधरा ते एकवीस ही सात कलमं वाचायला अर्धा तास पुरतो. ती वाचल्यावर आपल्या जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळात मानसशास्त्र शिकलेलं कुणी आहे का आणि परिवीक्षा अधिकारी किती आहेत, हे महिला व बालविकास कार्यालयात जाऊन विचारा. उत्तर मिळालं तर संपादकांना कळवा. पुढच्या आवृत्तीत त्याची गरज लागणार आहे.